गवत कापल्यावर ते जातं कुठं?

सध्या नागपूरला आलीय, डिसेंबरची सुट्टी, आणि काल सकाळी तर्री पोहे खाता खाता मामांनी माझ्या मोबाईलवरचा एक व्हिडिओ पाहिला, त्यात मी ट्रॅक्टरवर बसून आमच्या ओहायोतल्या घरामागचं गवत कापतेय. मामांचा पहिला प्रश्न, "काहून वं, गवत कापाले ट्रॅक्टर लागते का तुमच्या तिथं?" आणि लगेच दुसरा, "अन् हे कापलेलं गवत चाललं कुठं?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसरा प्रश्न मात्र मला स्वतःला पडायला तिथं दोन उन्हाळे जावे लागले, म्हणून मामांचं कौतुक वाटलं. त्यांचा काटोलकडं संत्र्याचा बगीचा आहे, माती आणि अवजारं यातलं त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

आमचं घर गावाबाहेर आहे, पाच एकर जागा, त्यातलं साधारण तीन एकर नुसतं गवत. आपल्याकडं तीन एकर म्हटलं की कपाशी किंवा तूर डोळ्यासमोर येते, तिथं ते गवतच असतं आणि ते वाढू द्यायचं नसतं, कारण वाढलं की त्यात गोचिडी होतात आणि त्या माणसांनाही चावतात, आजार देतात. मे महिन्यात पाऊस आणि ऊन दोन्ही असतं, तेव्हा तर सहा दिवस झाले की परत कापायला तयार. आमच्याकडं फेस्क्यू नावाचं गवत आहे, ते तीन-साडेतीन इंच ठेवायचं आणि एका वेळी पात्याचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापायचा नाही, नाहीतर मुळं कमजोर होतात आणि जुलैच्या उन्हात पिवळं पडतं.

यासाठी ट्रॅक्टरच्या मागं जे लावतात त्याला फिनिश मॉवर म्हणतात. आपला रोटावेटर जसा थ्री पॉइंटला (ट्रॅक्टरच्या मागच्या तीन जोडांना) जोडून पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालतो तसंच, पण हे जमिनीला लागत नाही, चार चाकांवर वर तरंगत चालतं. लोखंडी डेक (ब्लेडवरचं झाकण), वर गिअरबॉक्स, त्यावरून बेल्ट, आणि खाली बहुतेक तीन ब्लेड. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांचाच, आपल्याकडच्यासारखा. माझा पाच फुटी आहे आणि ट्रॅक्टर २५ एचपीचा. पाच फुटी डेक घेऊन ताशी पाचेक किलोमीटरनं चाललं तर तीन एकराला दोन तास लागतात, कडा आणि झाडांभोवतीचं धरून थोडं जास्तच. (इथं नागपूरजवळ हिंगण्याला महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे ना, तिथं ओहायोत कुणाच्या शेतावर लाल महिंद्रा उभा दिसला की मी गाडी हळू करून पाहते, खरंच छान वाटतं.)

आता मुद्द्याचं. ब्लेडचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास फिरतं. एवढ्या वेगानं कापलेलं गवत डेकमधून कुठूनतरी बाहेर जाणारच, आणि गवताबरोबर जे काही खाली सापडेल तेही जाणार. हा बाहेर जायचा रस्ता एका बाजूनं असतो किंवा मागून असतो. दुकानात माणसं रुंदी विचारतात, किंमत विचारतात, रंगसुद्धा पाहतात, हे शेवटी विचारतात. आम्हीही तेच केलं होतं. पहिला मॉवर जुन्या ट्रॅक्टरसोबत आला, बाजूनं फेकणारा, उजव्या हाताला तोंड. चालतोय ना, मग झालं, असं वाटलं होतं.

आमच्या भागात हिवाळ्यात जमीन गोठते आणि वितळते, परत गोठते, आणि त्या ओढाताणीत खालचे गोटे दरवर्षी वर येतात, म्हणजे मागच्या वर्षी साफ केलेल्या जागेतून एप्रिलमध्ये नवीन गोटा डोकं काढून बसलेला असतो. शिवाय गाडी लावायच्या रस्त्यावर गिट्टी, ती बर्फ काढताना गवतात उडते. दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये असाच एक दगड ब्लेडखाली आला आणि उजवीकडून सुटून चाळीसेक फुटांवर उभ्या आमच्याच कारची मागची काच फोडून गेला. कारच्या पलीकडं झोपाळा आहे. मुलगी तिथं होती. तिला काही झालं नाही, पण त्या दिवशी मी पीटीओ बंद केला आणि पुढचे दहा दिवस गवत तसंच वाढलं, हात लावायची हिंमतच होईना.

मग नीट बसून समजून घेतलं. बाजूनं फेकणारा वाईट असतो असं अजिबात नाही. त्याचं तोंड मोठं आणि मोकळं, त्यामुळे उंच गवत किंवा थोडं ओलं गवत तो पटकन बाहेर टाकतो, डेकखाली कमी साचतं, इंजिनवर लोड कमी. पण तो सगळं एका ओळीत टाकतो, गवत जास्त असलं की कडेला जाडसर पट्टा पडतो, आणि तो तसाच राहिला तर खालचं गवत पिवळं पडतं. आणि तुम्ही कोणत्या दिशेनं फिरता यावर सगळं अवलंबून. उजवं तोंड असेल आणि घड्याळाच्या दिशेनं फिरलात तर कुंपण डाव्या हाताला राहतं आणि कापलेलं आतल्या न कापलेल्या गवतावर पडतं, मग पुढच्या फेरीत तेच परत कापा, दर फेरीला थर वाढतो आणि ट्रॅक्टर कण्हायला लागतो. उलटं फिरलात तर कापलेल्या भागावर छान पडतं, पण कडेच्या फेऱ्यांचं सगळं रस्त्यावर नाहीतर शेजाऱ्याकडं. म्हणून कडेच्या दोन-तीन फेऱ्या एका दिशेनं आणि मग ट्रॅक्टर फिरवून उरलेलं उलट दिशेनं, असं करतात. शिवाय उजवीकडं ते तोंड बाहेर आलेलं असतं, म्हणून झाडाच्या किंवा कुंपणाच्या जवळून कापायला फक्त डावी बाजू मिळते.

मागून टाकणाऱ्यात गवत डेकच्या रुंदीभर पसरतं, पट्टा फारसा दिसत नाही, आणि दोन्ही बाजू मोकळ्या, डावीकडूनही झाडाला घासून जा, उजवीकडूनही. दगड आला तर तो मागं जातो आणि मागं साखळ्या किंवा रबराचा पडदा असतो. तो पडदा लोक काढून टाकतात, गवत अडकतं म्हणून. कृपा करून काढू नका. कमीपणाही आहेच, उंच किंवा ओलं गवत असलं की मागं गोळे पडतात आणि डेक आतून लिंपल्यासारखा होतो, खरवडून काढावा लागतो, तेही ट्रॅक्टर बंद करून आणि डेकला खाली टेकू देऊन, नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर कधीच नाही. आणि रिव्हर्समध्ये कापत घराच्या भिंतीकडं गेलात तर तोंड घराकडंच असतं, त्यामुळं रिव्हर्स घेताना मी पीटीओ बंद करते. तिसरा प्रकार मल्चिंगचा, तोंड बंद करून गवत आतच बारीक करायचं, पण त्याला ताकद जास्त लागते आणि गवत कोरडं नि बुटकं हवं, आमच्या मे महिन्यात जमणारं नाही ते.

निर्णय शेवटी शेजारच्या घोड्यांनी केला. पूर्वेच्या कुंपणापलीकडं चार घोडे चरतात. मला वाटायचं की कापलेलं हिरवं गवत तिकडं उडालं तर काय बिघडलं, खातील बिचारे. पण शेजारीण आजी एकदा कुंपणाशी येऊन समजावून गेल्या की कापलेलं गवत ढिगात लवकर आंबतं, घोडे ते न चावता भराभर गिळतात, आणि त्यानं पोटात अशा कळा येतात की घोडा दगावूसुद्धा शकतो. घोड्याला उलटी करता येत नाही, आत गेलं ते गेलं. तिकडं झोपाळा, इकडं घोडे, समोर रस्ता. आम्ही मागून टाकणारा घेतला. चार वर्षं झाली, गवत जिथल्या तिथं पडतं, नत्र परत मातीला मिळतं, खत कमी लागतं.

हे सगळं मामांना सांगितलं आणि मामा म्हणाले, "मंग माह्या बगीच्याले कोनतं चालन?" आणि इथं माझं उत्तर उलटं झालं. संत्र्याची झाडं वीस बाय वीस फुटांवर, पावसाळ्यात मधल्या पट्ट्यात गाजर गवत आणि काय काय माजतं, आणि आच्छादन हवं असतं ते झाडाच्या घेराखाली. मग बाजूनं फेकणाराच बरा, मधून ट्रॅक्टर चालवा आणि गवत आपोआप झाडांच्या ओळीत पडू द्या, परदेशात फळबागांमध्ये असं करतातच. ओलावा टिकतो, निंदणाची मजुरी वाचते. फक्त फुलावर यायच्या आधी कापायचं, नाहीतर आच्छादनाबरोबर गाजर गवताचं बीही पेरलं जाईल. बुंध्याला मात्र ढीग लागता कामा नये, हे मामांनीच मला सांगितलं, बुंधा ओला राहिला की डिंक्या (बुंध्यातून डिंक गळायचा रोग) येतो. आणि वाफसा आल्याशिवाय काळ्या मातीत ट्रॅक्टर घालायचा नाही, आणि कापताना बगीच्यात माणूस नको.

"ठिबकच्या नया?" मामी आतून म्हणाल्या. तो प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. बाजूनं उडालेला गोटा ठिबकची नळी सहज फोडेल, आणि ब्लेडखाली आली तर गुंडाळून बेल्टच खाईल. मामा म्हणतात त्यांच्या मिनी ट्रॅक्टरला चार फुटी झेपेल, पण झाडांच्या फांद्या किती खाली आल्यात आणि नळ्या बुंध्यापासून किती दूर आहेत ते मोजल्याशिवाय काही ठरवायचं नाही असं ठरलंय. रविवारी टेप घेऊन काटोलला जातोय, आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोडणी सुरू आहे, मामी डबा बांधणार आहेत.