वूडफर्ड स्क्वेअर आणि न दिसलेली खुर्ची

ताई-भाओजी कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर, भाओजींची नोकरी पॉइंट लिसासच्या एका प्लांटमध्ये आणि घर चागुआनासला. त्यांच्याकडे महिनाभर राहायला गेले तेव्हा लोकांनी समुद्र बघ, कार्निव्हल बघ सांगितलं होतं, पण माझ्या डोक्यात खुर्ची बसलेली. पोर्ट ऑफ स्पेनच्या रेड हाऊसमध्ये, म्हणजे त्यांच्या संसदेत, सभापतींची खुर्ची आहे ती भारताने १९६८ मध्ये भेट दिलेली, हे कुठेतरी वाचलं होतं आणि ती बघायचीच असं ठरवून टाकलं.

पहिला प्रयत्न रविवारी केला, तो फुकट गेला. भाओजींना सुट्टी म्हणून गाडीने गेलो तर डाउनटाउन अख्खं शुकशुकाट, दुकानं बंद, लायब्ररी बंद, रेड हाऊससमोरच्या चौकात चार-पाच बेघर माणसं झोपलेली आणि कबुतरं. दहा मिनिटांत परत. तेव्हा कोणी जाणार असेल तर कामाच्या दिवशी आणि सकाळी जा, एवढं लक्षात ठेवा.

दुसऱ्यांदा मंगळवारी एकटी निघाले. निघताना भाओजींनी माझी पँट बघितली आणि ओरडलेच, "अगं, ही बदल आधी!" मी मिलिटरी प्रिंटची कार्गो घातली होती, आपल्याकडे रस्त्यावर दोन-चारशेला मिळते तसली. इथे सामान्य माणसाने कॅमोफ्लाज घालणं कायद्याने बंद आहे, आणि मी ती घालून थेट संसदेसमोर निघाले होते! स्लीव्हलेस आणि शॉर्ट्ससुद्धा सरकारी ऑफिसात चालत नाहीत म्हणे, मग काय, साधा कुर्ता आणि जीन्स.

चागुआनासहून हिरव्या पट्ट्याची मॅक्सी घ्यायची. मॅक्सी म्हणजे आपली वडापची गाडी समजा, फक्त पांढरी आणि पट्ट्याच्या रंगावरून रूट कळतो. चढताना सगळ्यांना "गुड मॉर्निंग" म्हणायचं असतं, मी गप्प चढले तर एका बाईंनी अशी काही नजर टाकली की मीच घाईघाईने म्हणून टाकलं आणि मग सगळी गाडी एका सुरात गुड मॉर्निंग. शेवटचा स्टॉप सिटी गेट, पूर्वीचं रेल्वे स्टेशन. तिथून ब्रायन लारा प्रॉमनाड ओलांडला (हो, आपला तोच लारा), फ्रेडरिक स्ट्रीट धरून सरळ चालत दहा-बारा मिनिटांत वूडफर्ड स्क्वेअर.

रविवारचा तो चौक हाच का असं वाटलं. मोठमोठी झाडं, बाकांवर माणसं, मधे जुनं कारंजं. एका बाजूला ट्रिनिटी कॅथेड्रल, समोरच्या बाजूला हायकोर्टाची इमारत, आणि पश्चिमेला लालभडक रेड हाऊस. लाल का, तर १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून रंगवलं आणि नाव चिकटलं. पण ती जुनी इमारत आता नाही. १९०३ च्या मार्चमध्ये पाण्याच्या नव्या कायद्यावरून लोक भडकले, याच चौकात सभा झाली, मग दगडफेक, मग आग. पोलिसांनी गोळीबार केला, सोळा माणसं गेली. पाण्यावरून! आमच्या सोसायटीत टँकरवरून जे होतं ते आठवून हसू आलं आणि लगेच आकडा आठवून थांबलं. आत्ता दिसते ती इमारत १९०७ ची.

गेटवर गेले, पासपोर्ट काढला, खुर्ची बघायचीय सांगितलं. गार्डला आधी कळेचना कुठली खुर्ची. मग समजल्यावर त्याने नीट सांगितलं की आतून बघायचं तर आधी कळवून वेळ घ्यावी लागते, असंच येऊन नाही चालत. चूक माझीच, एक ई-मेल करायला काय झालं होतं. १९९० च्या जुलैमध्ये इथे बंडखोर बंदुका घेऊन घुसले होते, पंतप्रधान रॉबिन्सन आणि बाकी खासदारांना ओलीस ठेवलं, पंतप्रधानांच्या पायात गोळी घातली, सहा दिवस चाललं ते सगळं. त्यामुळे वादच घातला नाही.

परत चौकात येऊन बसले, आणि खरं सांगायचं तर तिथेच दिवस वसूल झाला. एका कोपऱ्यात फळा, त्यावर त्या दिवसाचा विषय खडूने लिहिलेला, भोवती सात-आठ म्हातारे उभ्या उभ्या भांडतायत. त्यांचं बोलणं इतकं भरभर की निम्मं कळलं, महागाई आणि सरकार एवढं मात्र पक्कं. एरिक विल्यम्स १९५५ पासून इथे व्याख्यानं द्यायचे, लोक हजारोंनी यायचे, चौकाला 'युनिव्हर्सिटी ऑफ वूडफर्ड स्क्वेअर' म्हणायचे, आणि १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा तेच पंतप्रधान. पुढे १९७० च्या ब्लॅक पॉवर, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या आंदोलनात पोरांनी याच जागेला 'पीपल्स पार्लमेंट' नाव दिलं. म्हणजे रस्त्याच्या एका बाजूला निवडून आलेली संसद, दुसऱ्या बाजूला न निवडलेली, आणि दुसरीत जायला ना पासपोर्ट लागतो ना ई-मेल.

त्यातले एक आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, तू इंडियाची ना? म्हटलं हो, बॉम्बे साइड. त्यांचे पणजोबा कलकत्त्याहून जहाजाने आलेले, उसाच्या मळ्यात. १८४५ ते १९१७ मध्ये जवळपास १ लाख ४४ हजार माणसं अशी आली, बहुतेक बिहार आणि यूपीची, मराठी नाव काही मला महिनाभरात सापडलं नाही. गाव कुठलं ते आजोबांना माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, बॉम्बेपासून कलकत्ता जवळ आहे का? मी म्हटलं, ट्रेनने दीड दिवस. ते हसले, म्हणाले इथे दीड दिवसात अख्ख्या बेटाला कितीतरी चकरा होतील.

मग मला डबल्स खायला घातलं. 'बारा' नावाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, मधे छोले. "स्लाइट पेपर", म्हणजे कमी तिखट, सांगितलं तरी नाकातून पाणी आलं, आणि मी तर कोल्हापूरची. खुर्ची राहिलीच, पण घरी येऊन पहिलं काम ई-मेल केला.