सिएरा, पाषाणची थंडी आणि पांढरा धूर

पुण्यातलं पाषाण, डिसेंबरचा पहिला रविवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. बोनेटवर रात्रभर ठेवलेला थर्मामीटर ११ अंश दाखवत होता. इंजिनातल्या हीटरचं बटण मनात वीस मोजेपर्यंत दाबून धरलं आणि सेल्फ मारला. पहिले चार सेकंद सायलेन्सरमधून काहीच नाही. मग पांढरा धूर आला, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा. तिसऱ्या प्रयत्नात एका सिलिंडरनं पकडलं, मग दुसऱ्यानं, आणि मिनिटभर थरथरून चारही चालू झाले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडक्या लावून घेतल्या. तिन्ही प्रयत्न मिळून सेल्फ चालला २३ सेकंद.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: गाडी टाटा सिएरा, बाबांनी १९९६ साली घेतलेली. १९४८ सीसीचं साधं डिझेल इंजिन, टर्बो नाही. दोनच दरवाजे आणि मागे छतात वळलेल्या त्या काचा. पुण्यातच तयार झाली आणि पुण्यातच राहिली. दर पाच वर्षांनी पासिंग करून घेतो.

"जुनी डिझेल आहे, थंडीत असं व्हायचंच," हे मला तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं. मला ते पटत नाही. शिवाजीनगरच्या वेधशाळेत पुण्याचं आजवरचं सर्वांत कमी तापमान १.७ अंश नोंदलं गेलं, तेही १७ जानेवारी १९३५ला. आपला नेहमीचा हिवाळा ९-१० अंशांभोवती फिरतो. एवढ्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबत नाही. ते संकट लडाखचं. तिथल्यासाठी इंडियन ऑइलनं २०१९मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. पुण्यात सकाळी डिझेल गाडी चालू होत नसेल, तर डिझेलला दोष देण्यात अर्थ नाही.

मग थंडी नेमकं काय करते? आपल्या या जुन्या इंजिनांत डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही. ते हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारलं जातं. हवा दाबली की तापते, पण त्या कप्प्याच्या गार भिंती ती उष्णता शोषून घेतात. म्हणून तर कप्पा आधी तापवायला हीटर प्लग दिलेत, प्रत्येक सिलिंडरला एक. पुढे आलेल्या थेट फवाऱ्याच्या इंजिनांना दहा अंशांत प्लग नसले तरी फारसं अडत नाही, आपल्याला मात्र अडतं. त्यात गार ऑइल घट्ट होतं, बॅटरी मंदावते, इंजिन सावकाश फिरतं आणि दाबलेल्या हवेला उष्णता गमावायला आणखी वेळ मिळतो.

पहिल्या आठवड्यात प्लग तपासले. वरची जोडपट्टी सोडून एकेक मोजला. दोन प्लग ०.७ आणि ०.८ ओहम दाखवत होते, उरलेले दोन मीटरवर काहीच दाखवेनात, म्हणजे आतून तुटलेले. (मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध आधी वजा करा. इथे ०.३चा फरकही मोठा असतो.) नाना पेठेतून चारही नवे आणले. काढताना इंजिन कोमट ठेवलं, आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारलं आणि पाना हळूहळू पुढेमागे करत सोडवला. प्लग हेडमध्ये मोडला तर हेड उतरवावं लागतं, तेव्हा इथे घाई नको.

नवे प्लग बसवले आणि १० अंशांत १३ सेकंद लागले. सुधारणा झाली, पण चार नव्या प्लगांना हा आकडा शोभत नाही.

आता मुख्य मुद्दा. हीटरचं बटण दाबून प्लगच्या पट्टीवर व्होल्टेज मोजलं: ८.९. त्याच क्षणी बॅटरीवर ११.८. मधले जवळजवळ तीन व्होल्ट गेले कुठे? काही वर्षांपूर्वी प्लग आपोआप चालू-बंद करणारा मूळचा टायमर गेला, तेव्हा एका गॅरेजनं डॅशबोर्डला पुशबटण लावून दिलं होतं. चारही प्लगांचा करंट दीड एमएमच्या वायरीतून आधी केबिनमध्ये, बटणातून, आणि परत इंजिनकडे जात होता. चार प्लग मिळून चाळीसेक अँपिअर घेतात. वायर गरम आणि प्लग गार, असा उलटा कारभार. आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पाऊण व्होल्टेज मिळालं की उष्णता निम्म्याच्या आसपास येते. बाबा इतकी वर्षं जे वीस आकडे मोजत होते, ते या वायरीमुळे मोजावे लागत होते.

बटण तिथेच ठेवलं, पण आता ते फक्त रिले चालवतं, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच. सत्तर अँपिअरचा रिले बॅटरीजवळ, साठचा पट्टीवाला फ्यूज आणि दहा एमएमची केबल थेट प्लगच्या पट्टीपर्यंत. गिअरबॉक्स आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी हिरवी पडली होती, तीही बदलली. आता प्लगवर ११.३ व्होल्ट मिळतात, आठ मोजलं तरी पुरतं आणि सेल्फही जोरात फिरतो. दुसऱ्या दिवशी ९ अंशांत सहा सेकंद.

पण त्या सहांतले पहिले चार पुन्हा तसेच, बिनधुराचे.

इथे मी थांबून नीट विचार केला. सेल्फ फिरताना पांढरा धूर येतो म्हणजे डिझेल आत पोचलंय, फवारा झालाय, पण पेटत नाही. तिथे उष्णता शोधायची. धूरच येत नाही म्हणजे डिझेल पोचलेलंच नाही. माझ्याकडे पहिल्या दिवसापासून दोन्ही होतं, एकामागोमाग एक. आजार दोन होते आणि मी एकालाच औषध देत होतो.

दुसरा आजार पार्किंगनं दाखवला. आमच्या सोसायटीच्या उतारावर गाडी कधी तोंड वर करून लागते, कधी खाली. वहीत मागे जाऊन पाहिलं, तर त्रासाच्या सगळ्या सकाळी तोंड वर होतं. टाकी मागे, इंजिन वर. कुठून तरी हवा शिरत असणार आणि रात्रभरात डिझेल मागे टाकीकडे उतरत असणार. इंजिनाच्या डिझेल पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडली, तर सकाळी तिच्यात बोटभर हवा दिसली. फिल्टरवरच्या, हातानं डिझेल ओढायच्या हातपंपाचं रबर कडक झालं होतं. डिझेल बाहेर गळत नव्हतं, म्हणून इतके दिवस लक्षात आलं नाही. हातपंप बदलला, जोडांचे तांब्याचे वॉशर नवे घातले, हवा काढली. तोंड वर, रात्रभर, ९ अंश: पावणेदोन सेकंद. धुराचा एक छोटा पुंजका, बस.

एक कळकळीची विनंती. एअर क्लीनरपाशी पेट्रोलचा बोळा धरणं किंवा स्प्रे मारणं हा प्रकार अजून सर्रास दिसतो. तापलेले हीटर प्लग असलेल्या इंजिनात ते भलत्या वेळी पेटतं आणि पिस्टनच्या रिंगा, कधी पिस्टनसुद्धा, त्यात जातात. शिवाय सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट तरी थांबा.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, अजून मोजलेलं नाही. प्लगच्या आट्यांत बसणारा अडॅप्टर जुन्या बाजारात शोधतोय, दोन रविवार गेले. डिझेल फवारणारे नोझल तपासायचे आहेत, ते मार्चमध्ये.

त्याआधी खरी परीक्षा. संक्रांतीच्या आधी एका शनिवारी पसरणी घाट चढून महाबळेश्वरला जायचं आणि वेण्णा लेकजवळ गाडी रात्रभर उघड्यावर ठेवायची. तिथे कडाक्याच्या पहाटे गवतावरचं दव गोठतं. थर्मामीटर, स्टॉपवॉच आणि वही बरोबर असेल, आकडे पुढच्या नोंदीत देतो. बाबांना सांगितलं, तर त्यांनी स्वेटर कुठे आहे ते आईला विचारलं आणि मला बजावलं, "चावी मी फिरवणार."