शॉक देतात का गं?

आईला फोनवर सांगितलं की खांद्यात वायर घालणारेत आणि दोन महिने त्यातून करंट सोडणारेत, तर तिचा पहिला प्रश्न हाच. आणि लगेच पुढे, त्यापेक्षा साताऱ्याला ये, तेल लावून शेकते. तेल, शेक, फिजिओ, तीन इंजेक्शनं, सगळं करून झालं होतं. खांद्याच्या ऑपरेशनला अडीच वर्षं झालेली, एमआरआयमध्ये शिवलेला भाग छान जुळून आलेला, आणि मी रात्री दोन वाजता सोफ्यावर बसून झोपतेय कारण आडवं झालं की डावा खांदा ठणकायला लागतो. वेणी लेक घालून द्यायची. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हटल्यावर समोरच्याची नजर जरा बदलते ना, त्याचा मला दुखण्याइतकाच त्रास झाला.

इथे न्यू जर्सीत पेन क्लिनिकच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं की तुझं दुखणं खरं आहे. जखम भरली तरी दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसा आणि मेंदू कधीकधी शांतच होत नाहीत, त्यामुळे आता नसेवर काम करायचं. त्याचं नाव पेरिफरल नर्व्ह स्टिम्युलेशन, सगळे पीएनएस म्हणतात.

मी घरी येऊन वाचत बसले. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो, तेच मूळ आहे याचं. स्पर्शाचा निरोप जाड नसांमधून मणक्यात पोचतो आणि बारीक नसांतून येणाऱ्या दुखण्याचं दार तिथेच ओढून घेतो, असं मेल्झॅक आणि वॉल या दोघा संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं. आणि मग १९६७ मध्ये याच वॉलनी आणि विल्यम स्वीट नावाच्या न्यूरोसर्जननी पेशंटच्या आधी स्वतःच्या डोळ्याखालच्या नसेत सुया घालून करंट देऊन बघितला! हे वाचल्यावर माझी भीती अर्धी गेली, खरंच.

इन्शुरन्सने मात्र आधी नकार दिला, उपचार प्रायोगिक आहे म्हणून. साठ दिवसांच्या या मशीनला अमेरिकेत एफडीएची, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्याची, परवानगी आहे, तरी अपील करत बसावं लागलं, आणि त्या प्रत्येक आठवड्याच्या रात्री मी सोफ्यावर काढल्या. याचा राग अजून आहे मला.

प्रत्यक्षात काम थोडक्यात झालं. खांदा बधिर केला, सोनोग्राफीच्या स्क्रीनवर बघत सुईतून केसासारखी बारीक, स्प्रिंगसारखी वळवलेली वायर नसेजवळ सोडली आणि सुई काढून घेतली. बाहेर राहिलेलं टोक दंडावर चिकटवलेल्या छोट्या मशीनला जोडलं. डॉक्टर हळूहळू करंट वाढवत गेले आणि एकदम, पापणी लवते ना तसा माझा खांदा लवायला लागला. दुखत नव्हतं, झिणझिण्याही नाहीत, आतून कुणीतरी हलकेच टिचक्या मारतंय असं. सेकंदाला साधारण बारा. स्नायू असा सावकाश हलत राहिला की त्याच्याकडून मेंदूला नेहमीचे, निरोगी निरोप जायला लागतात, हा त्यामागचा हिशोब.

रोज बरेच तास मशीन चालू, आंघोळीला काढून ठेवायचं, ड्रेसिंग ओलं होऊ द्यायचं नाही, पोहणं बंद. पट्टीखाली खाज यायची ती वेगळीच. वायर सरकू शकते, इन्फेक्शन होऊ शकतं, काढताना टोक तुटून बारीक तुकडा आत राहू शकतो, हे सगळं आधी सांगितलेलं, आणि तुम्हीही सही करायच्या आधी हे विचाराच. मला पहिले दहा दिवस काहीच फरक नव्हता, मी रडले पण. तिसऱ्या आठवड्यात एकदा जाग आली तर खिडकीत उजेड होता, आणि मी पलंगावर होते.

साठ दिवसांनी डॉक्टरांनी वायर ओढून काढली, काही मिनिटांचं काम. दहापैकी सात असलेलं दुखणं आता तीनवर आहे, वायर निघून पाच महिने झाले तरी. शून्य नाही. डाव्या कुशीवर अजून झोपता येत नाही, आणि काही जणांना याचा उपयोग होतच नाही, काहींना कायमचं मशीन आत बसवावं लागतं.

आईला काल व्हिडिओ कॉलवर वेणी घालून दाखवली, दोन्ही हात वर करून. ती बघत राहिली आणि मग म्हणाली, मावशीची नागीण जाऊन वर्ष झालं, बरगडीजवळची आग काही थांबत नाही, तिचं विचारशील का गं? आता पुण्यातलं पेन क्लिनिक शोधतेय, तिची सगळी कागदपत्रं मागवलीयेत.