ऑइल पूर्ण होतं, तरी इंजिन बसलं

आमच्या सेकंडहँड गाडीचं इंजिन बसलं, त्याच्या वॉरंटीचे पैसे काल खात्यावर जमा झाले. ते आल्याशिवाय यावर काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आमच्या नात्यातल्या दोघांनी यंदाच सेकंडहँड गाड्या घेतल्यात. दोघांच्याही कपाटात असलीच वॉरंटीची फाइल आहे आणि दोघांनीही ती अजून वाचलेली नाही. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा सगळं एकदाच सविस्तर लिहिते.

गाडी डिझेल सेडान, 2017 ची, 81 हजार किलोमीटर चाललेली, एमएच-09 पासिंगचीच. 4 लाख 85 हजारांना घेतली. मी अकाउंट्सची कामं करते. शिरोली, गोकुळ शिरगाव, मधूनच इचलकरंजी अशी आठवडाभर फिरती असते, शिवाय सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी दवाखान्याच्या फेऱ्या. गाडीशिवाय भागत नव्हतं.

कोल्हापुरात जुनी गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पुरातली नाही ना? 2019 ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 43 फूट. 2021 ला पुन्हा महापूर. त्यामुळे धाकट्या भावजींनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले, स्टेपनीच्या जागेत हात घालून चिखल चाचपला, डॅशबोर्डखाली बॅटरी मारून वायरिंग तपासलं. पाण्याची खूण कुठंच नव्हती. गाडी रॅम्पवर घेऊन खालूनही बघितली. इंजिनचं ऑइल चेंबर, म्हणजे तळाशी ऑइल साठतं ते भांडं, बाहेरून कोरडं ठणठणीत, कुठं ऑइलचा थेंब नाही. पुढं सगळं भांडण त्या चेंबरवरूनच झालं.

डीलरने गाडीबरोबर एका वेगळ्या कंपनीची वॉरंटी दिली होती, इंजिन आणि गिअरबॉक्सला, 12 महिने किंवा 15 हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. तिचे पैसे वेगळे भरले आणि त्याची पावतीही वेगळी घेतली. अटींची पानं मी त्याच रात्री वाचली होती, कारण कागद न वाचता सही करणं माझ्या धंद्यात चालत नाही. क्लचप्लेट, बेल्ट, होज, बॅटरी, इंजेक्टर वगळलेले. पाणी शिरून झालेलं नुकसान वगळलेलं. ऑइल कमी ठेवल्यामुळे इंजिन गेलं तर नाही. विक्रीच्या आधीपासून असलेला दोष असेल तर नाही. आणि ठळक अक्षरांत: आमच्या लेखी परवानगीशिवाय इंजिन उघडलं तर क्लेम रद्द.

ऑगस्टमध्ये गोकुळ शिरगावहून परत येताना शाहू नाक्याच्या सिग्नलला थांबले आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. ॲक्सिलरेटर दिला की विझायचा, इंजिन आयडलला आलं, म्हणजे नुसतं मंद चालू राहिलं, की पुन्हा पेटायचा. सिग्नल ओलांडून लगेच गाडी कडेला घेतली आणि बंद केली. पाचेक मिनिटांनी डिपस्टिक (ऑइल किती आहे ते दाखवणारी पट्टी) काढली, पुसली, परत घालून काढली. ऑइल वरच्या खुणेच्या किंचित खाली, म्हणजे अगदी हवं तेवढं. डिपस्टिकचा फोटो काढला, मीटरचाही काढला. मग भावजींना फोन लावला. ते म्हणाले, एकदा चालू करून आवाज ऐकवा. चालू केली तर खालून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखी खटखट. "बंद करा वैनी, आता चावीला हात लावू नका." तिथनं टोचन करून गाडी उद्यमनगरात आणली.

उद्यमनगराबद्दल थोडं सांगायलाच हवं. बाहेरच्यांना कोल्हापूर म्हणजे अंबाबाई, रंकाळा आणि तांबडा-पांढरा. पण उसाला पाणी उपसायच्या ऑइल इंजिनांवर हे गाव उभं राहिलं, आणि त्या कामातून तयार झालेले हात अजून उद्यमनगराच्या गल्ल्यांत आहेत. बोरिंग, क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. भावजी तिथंच एका मशीनशॉपमध्ये आहेत, त्यांच्या ओळखीतले एक वयस्कर मिस्त्री आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. मामांनी एकदाच स्टार्टर मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, "बिग एंडचं बेअरिंग गेलंय. पर का गेलं त्ये उघडल्याबिगर कळत न्हाई. आनि कंपनीचा मानूस आल्याबिगर मी नट हलवनार न्हाई."

बिग एंड म्हणजे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो ते टोक. वॉरंटीची अट मामांना ठाऊकही नव्हती. पूर्वी कुणाचं तरी इंजिन उघडलं, नंतर कंपनीने हात वर केले आणि त्या गिऱ्हाइकाचे पैसे बुडाले, तेव्हापासून त्यांचा हा नियम. गॅरेजमध्ये गाडी गेली की "बघू तरी उघडून" म्हणणारे खूप असतात. मामा तसे नाहीत म्हणून आमचा क्लेम जिवंत राहिला, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे.

कंपनीला मेल केला, फोटो जोडले आणि इंजिन सर्व्हेअरसमोर, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या त्यांच्या माणसासमोर, उघडण्याची परवानगी मागितली. परवानगी यायला वेळ लागला, तोपर्यंत गाडी शेडमध्ये झाकून ठेवली. सर्व्हेअर आले आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, "पाण्यात घातली होती का?" पावसाळा होता, गाडी कोल्हापूरची, प्रश्न बरोबरच होता. इंजिनात पाणी शिरलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मामा म्हणाले, "बघूया की. रॉड सरळ हायेत का वाकडं त्ये तुमीच मोजा."

मोबाइल स्टँडवर लावून पहिल्या बोल्टपासून शूटिंग सुरू केलं. आधी ऑइल मोजायच्या कॅनमध्ये काढलं. साडेचार लिटर ऑइल मावणाऱ्या इंजिनातून 4.3 लिटर निघालं. तो आकडा सर्व्हेअरकडून तिथंच लिहून घेतला. मग फिल्टर हॅकसॉने कापला. आतला कागद उलगडला तर घडीघडीत तांबूस चकाकी. बेअरिंगचा पत्रा झिजून त्याचा भुगा ऑइलबरोबर फिरत होता.

त्यानंतर चेंबर उतरवलं. चेंबरच्या कडेला आतल्या बाजूने लाल सिलिकॉन पेस्ट सुटलेली, ठिकठिकाणी फुगलेली, काही ठिकाणी तुटून गेलेली. आणि ऑइल पंप जिथून ऑइल ओढतो त्या जाळीवर तीच पेस्ट बसलेली, साय धरावी तशी. मामांनी बारीक स्क्रूड्रायव्हरने कड उचलली तसा अख्खा पापुद्रा निघून आला. जाळीचा जेमतेम चौथा हिस्सा मोकळा होता. "गाडीची कंपनीबी हितं पेस्टच लावत्या," मामा म्हणाले, "पर करड्या रंगाची, आनि बारीक रेघ. ह्येनी थर दिलाय."

त्या क्षणी लाल दिव्याचा अर्थ मला लागला. क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना टेकतच नाहीत, मध्ये दाबाने ढकललेल्या ऑइलचा पातळ पापुद्रा असतो, त्यावर क्रँक फिरतो. जाळी बुजली की चेंबर भरलेलं असूनही पंपाला पुरेसं ऑइल मिळत नाही. इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं, आयडलला पंप हळू फिरतो, आणि दाब आधी तिथंच पडतो. डिपस्टिक फक्त खाली किती ऑइल आहे ते सांगते, वर किती पोचतंय ते तिला कळायचा मार्गच नाही. तिसऱ्या सिलिंडरच्या बेअरिंगचे दोन्ही पत्रे जागेवरून फिरले होते. क्रँकवरून मामांनी माझा अंगठा फिरवायला लावला. नख अडकत होतं. रॉड चारही सरळ निघाले, सर्व्हेअरनेच मोजले.

इतकं समोर असताना कंपनीचं उत्तर आलं: ऑइलच्या अभावामुळे नुकसान, अटीत बसत नाही, क्लेम नामंजूर.

मला फार राग आला. घरात सगळे म्हणाले, जाऊ दे, दुरुस्त करून टाकू. पण ज्या कागदावर त्यांच्याच माणसाच्या हाताने 4.3 लिटर लिहिलंय त्यावरच ते ऑइलचा अभाव म्हणत असतील, तर गप्प बसणं मला जमणार नव्हतं. मी उलट लिहिलं: तुमची अट ऑइल कमी ठेवण्याबद्दल आहे. ऑइल पूर्ण होतं, हा तुमच्या सर्व्हेअरचा आकडा, हा माझा फोटो, हे माझं सर्व्हिस बिल. जाळी बुजली ती पेस्टमुळे, आणि माझ्याकडे आल्यापासून चेंबर एकदाही उतरलेलं नाही. सर्व्हिसला फक्त ड्रेन बोल्ट काढून ऑइल बदललंय, बिलावर तसं लिहिलेलं आहे.

दुसरं उत्तर जास्त हुशारीचं होतं. पेस्ट विक्रीपूर्वीची असेल तर तो आधीचा दोष, आणि आधीचा दोषही वगळलेला. म्हणजे ऑइल कमी असतं तर चूक माझी, आणि नसेल तर दोष माझ्या आधीचा. दोन्हीकडून दार बंद.

इथं गाडीची जुनी सर्व्हिस हिस्ट्री कामाला आली. आरसी आता माझ्या नावावर आहे, ती दाखवून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून सगळा रेकॉर्ड मागवला. मी गाडी घेण्याच्या काही महिने आधीच्या जॉबकार्डवर (सर्व्हिसच्या कामाच्या नोंदीवर) एक ओळ होती: चेंबरमधून ऑइल झिरपते, ग्राहकास कळविले. त्यानंतर तिथं चेंबरचं काम झाल्याची नोंद नाही. आणि वॉरंटी देताना याच कंपनीच्या इन्स्पेक्टरने सही केलेल्या तपासणी अहवालात चेंबरपुढे "कोरडे, गळती नाही". मधल्या काळात कुणीतरी दुसरीकडे चेंबर उतरवून, पेस्ट थापून गळती झाकली होती. कंपनीने गाडी तपासली, चांगली म्हणून सही केली, वॉरंटीचे पैसे घेतले. आता तोच भाग आधीपासून खराब होता असं ती कुठल्या तोंडाने म्हणणार? पत्रात भाषा जरा सभ्य ठेवली, पण मुद्दा हाच.

त्याच पत्रात नोटीसही दिली. करारात त्यांच्या शहरातल्याच कोर्टात दाद मागता येईल असं कलम होतं. ते वाचून पुष्कळ जण घाबरतात. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे मी जिथं राहते तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा नंबर पत्रात टाकला. पत्र मेलने आणि रजिस्टर पोस्टाने, दोन्हीकडून.

यानंतर पहिल्यांदाच कंपनीतल्या वरच्या बाईंचा फोन आला. त्यांनी शूटिंग मागवलं, जॉबकार्ड मागवलं, आणि क्लेम मंजूर झाला.

काम मामांनीच केलं. क्रँक ग्राइंड करून त्या मापाचं अंडरसाइज बेअरिंग, नवा ऑइल पंप आणि जाळी, ऑइलच्या सगळ्या वाटा धुऊन हवा मारून साफ, टर्बोच्या शाफ्टचा प्ले (ढिलेपणा) तपासला तर तो सुदैवाने ठीक. हजार किलोमीटरला ऑइल बदलून फिल्टर पुन्हा कापून बघितला, आत काही नव्हतं. एकूण बिल 74,600. कंपनीने 61,400 दिले. ऑइल, कूलंट, फिल्टर, टोचन अटींप्रमाणे वगळले, ते मला मान्य आहे.

डीलरचं मात्र अजून बाकी आहे. "आम्ही फक्त मधले" हे त्यांचं पालुपद. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे गाडी विक्रीसाठी अधिकृत डीलरच्या ताब्यात गेली की ते फॉर्म 29 सी मधून आरटीओला कळवावं लागतं, आणि तेव्हापासून मालक म्हणून जबाबदारी त्याच्यावर येते. माझ्याकडे त्यांच्या लेटरहेडवरचं, जीएसटी नंबर असलेलं बिल आहे, कमिशनची पावती नव्हे. उरलेल्या 13,200 साठी त्यांना वेगळी नोटीस गेली आहे. उत्तर आलं नाही तर तक्रार आयोगात जाईल, कागद लावून तयार आहेत.

कुणाला कंपनीला लिहिलेल्या पत्राचा मसुदा हवा असेल तर मागा, नावं काढून देते. आणि गाडी अजून घ्यायची असेल तर रॅम्पवर चढवून चेंबरची कड टॉर्चने बघा. पेस्ट ताजी, जाड किंवा लाल दिसली तर चेंबर उतरवून दाखवा म्हणा.