सातव्या आठवड्यातही भरणारं पाणी

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर पाणी साठणं यात आम्हा सर्जनांना नवल वाटत नाही. स्तन काढला, काखेतल्या गाठीही साफ केल्या की वरची कातडी आणि खालचा छातीचा स्नायू यांच्यामध्ये पोकळी उरते. कापलेल्या लसवाहिन्यांतून लस (लिंफ, म्हणजे शरीरातला पाण्यासारखा द्रव) झिरपते, जखम भरताना सुजेचंही पाणी सुटतं आणि ते सगळं तिथे जमतं. हाच सेरोमा. कातडी स्नायूला चिकटली की पोकळी मिटते आणि पाणी थांबतं. बहुतेक जणींच्या बाबतीत काही आठवड्यांत हे आपसूक घडतं. थोडं पाणी असेल, दुखत नसेल, टाक्यांवर ताण नसेल तर सुई न लावणंच बरं.

त्या दिवशी आलेल्या बाई ५८ वर्षांच्या होत्या. आधी केमो, मग डावा स्तन आणि काखेतल्या गाठी काढण्याची शस्त्रक्रिया, पुढे रेडिएशन असा त्यांचा क्रम ठरलेला. शस्त्रक्रिया दुसरीकडे झाली होती. सातवा आठवडा लागला तरी छातीवर फुगवटा होता, आणि प्लॅनिंगचा सीटी स्कॅन करण्याआधी याचा बंदोबस्त करा म्हणून रेडिएशन विभागाने त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. त्यांचं म्हणणं रास्त होतं. प्लॅन आखला त्या दिवशी छातीचा जो आकार होता, तोच उपचार संपेपर्यंत राहायला हवा. दर आठवड्याला पाणी भरतंय आणि काढलं जातंय, तर किरणांचं माप चुकतं.

बाईंनी सोबत वही आणली होती. ड्रेनचं, म्हणजे साठणारं पाणी बाहेरच्या चेपलेल्या बल्बमध्ये ओढून घेणाऱ्या नळीचं, रोजचं माप त्यात स्वच्छ अक्षरात मिलीमध्ये लिहिलेलं: १५०, १३०, ११०, ९५, १०, ०. सहाव्या दिवशी नळी काढली. त्याखाली सुईने काढलेल्या पाण्याची यादी: आधी २४० मिली, मग दर आठवड्याला २१०, १९०, २००, १९५, २००.

सोनोग्राफीच्या आधी या वहीनेच निम्मं निदान करून टाकलं. ड्रेनचं पाणी ९५ वरून एका रात्रीत १० वर येत नाही, ते उतरत उतरत येतं. एकदम शून्य झालं तर आधी संशय नळीवर घ्यायचा. फायब्रिनचे (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे) पांढरट धागे किंवा रक्ताची गुठळी अडकली की बल्ब रिकामा दिसतो आणि पाणी आत साठत राहतं. अशा वेळी कातडीजवळ नळी एका हाताच्या चिमटीत घट्ट धरायची, म्हणजे टाक्याला ओढ बसत नाही, आणि दुसऱ्या हाताने, स्पिरिटचा बोळा लावून, नळी दाबत दाबत बल्बकडे सरकवत न्यायची. पाणी न येताच बल्ब भराभर फुगत असेल तर मामला वेगळा. नळीचं एखादं भोक कातडीबाहेर सरकलंय आणि तिथून हवा आत शिरतेय. माप रोज एकाच वेळी घ्यायचं आणि बल्ब पूर्ण चेपून मगच झाकण लावायचं. सलग दोन दिवस २४ तासांत ३० मिलीपेक्षा कमी आलं की नळी काढतात. कुणी २० ची वाट बघतं, कुणी ५० वर समाधान मानतं. पण हे आकडे वाहत्या नळीचे असतात, तुंबलेल्या नळीचे नव्हेत.

दुसरी यादी तर त्याहून बोलकी. मिटत चाललेल्या सेरोमाचे आकडे दर खेपेला उतरतात, २०० चे १२०, मग ६०, मग नुसती सिरिंजभर. इथे पाच आठवडे आकडा दोनशेच्या आसपासच अडकलेला.

तपासताना ताप नव्हता, लाली नव्हती. एका बाजूने टिचकी मारली की दुसऱ्या हाताला लाट जाणवत होती. दोन्ही हातांचा घेर टेपने मोजला, सारखा निघाला. हे मोजावंच लागतं, कारण हाताची सूज, म्हणजे लिंफेडेमा, हा निराळा विकार आहे आणि त्याचे उपचारही निराळे. पेशंट दोन्हींना ‘सूज’च म्हणतात.

मग पाणी काढायला घेतलं. बाईंना अर्धवट बसतं केलं, हात अंगापासून थोडा दूर. सोनोग्राफीत सगळ्यांत खालचा खोलगट भाग शोधला, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने पुसून वाळू दिला. अशा कामाला १८ नंबरची कॅन्युला, म्हणजे मऊ प्लास्टिकची बारीक नळी, मला सुईपेक्षा बरी वाटते. पोकळी बसत आली की सुईचं टोक आत ओरखडे काढतं. कॅन्युलाला थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) आणि ५० मिलीची सिरिंज, म्हणजे दर वेळी जोड सोडावा लागत नाही. टोक बरगड्यांना समांतर, जवळजवळ आडवं ठेवायचं. सरळ खाली टोचलं तर बरगड्यांच्या फटीतून फुप्फुसाचं आवरण गाठायला फार खोल जावं लागत नाही, विशेषतः सडपातळ बाईच्या बाबतीत. आणि शस्त्रक्रियेनंतर इथली कातडी बधिर असल्यामुळे पेशंट वेळेवर ‘आई गं’ म्हणेल यावर विसंबता येत नाही.

पाणी पिवळसर, नितळ आलं. दुधासारखं असतं तर विचारांची दिशाच बदलली असती. डाव्या काखेतल्या शस्त्रक्रियेनंतर क्वचित चरबीयुक्त लस गळते, तेव्हा आधी आहारातली चरबी कमी करावी लागते. गढूळ आलं तर संसर्ग, दाट लाल आलं तर रक्त साठलेलं.

१६० मिलीनंतर सिरिंजचा दांडा मागे खेचला की हात सोडताच परत आत जाऊ लागला. सोनोग्राफीत कॅन्युलाचं टोक मोकळ्या पाण्यात दिसत होतं आणि चांगलं ४० मिली पाणी अजून शिल्लक होतं. वरची भिंत मात्र खाली बसायलाच तयार नव्हती. तिची जाडी मोजली, ४ मिलिमीटर. पाण्याभोवती तंतुमय कवच तयार झालं होतं. आता पाणी हा दुय्यम प्रश्न होता. कवचाच्या दोन गुळगुळीत भिंती एकमेकींना कधीच चिकटणार नव्हत्या, आणि पोकळी उरली की शरीर ती भरून काढतंच.

“डॉक्टर, घट्ट पट्टा बांधला तर?” बाईंनी विचारलं.

पट्ट्याने सेरोमा टळतो असं खात्रीने म्हणता येत नाही. फार आवळला तर कातडीचा रक्तपुरवठा अडतो, जखमेची कड काळी पडू शकते. कवच धरलेल्या पोकळीवर तर त्याचा काहीच उपयोग नाही.

“मग आणखी एकदोनदा काढून बघू या?”

प्रत्येक सुईबरोबर जंतू आत जाण्याची थोडी शक्यता असते. आकडा उतरत असेल तर ती पत्करावी. इथे आठ दिवसांनी पुन्हा दोनशेच होणार होते.

तिसरा मार्ग होता पोकळीत डॉक्सिसायक्लिनसारखं औषध सोडून मुद्दाम दाह निर्माण करण्याचा, म्हणजे भिंती चिकटतात. पातळ भिंतीच्या पोकळीत ते करून बघण्यासारखं आहे. दुखतं बरंच, म्हणून आधी आत भुलीचं औषध सोडतात. पण दाह झाला तरी भिंती एकमेकींना टेकायला तर हव्यात, आणि इथे त्याचीच अडचण होती. (आत इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम स्तन, असेल तर हा विचारच नको. आणि इम्प्लांट बसवून वर्ष उलटल्यावर नव्याने पाणी झालं तर ते साधा सेरोमा समजून फेकायचं नाही. एका दुर्मीळ लिंफोमाची (लसपेशींच्या कर्करोगाची) ती खूण असू शकते, पाणी तपासायला पाठवायचंच.)

बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. खांदा आखडेल या धास्तीने बाईंनी दुसऱ्या दिवसापासूनच भिंतीवर बोटं चढवत हात डोक्यापर्यंत न्यायला सुरुवात केली होती. हात वर गेला की कातडी स्नायूवरून सरकते आणि नुकताच धरू लागलेला चिकटा सुटतो. पहिला आठवडाभर मूठ, कोपर, आणि खांदा ९० अंशांपर्यंतच. नळी निघाल्यावर हळूहळू पुढे. व्यायाम अजिबात न करणं हेही परवडत नाही. रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्यामागे नेऊन स्थिर ठेवावा लागतो, आखडलेल्या खांद्याला ते जमत नाही.

शेवटी कवच काढायचं ठरलं. पाणी कल्चर (जंतू वाढतात का ते बघणं) आणि पेशींच्या तपासणीला पाठवलं होतं. दोन्ही अहवाल निर्दोष आले. पूर्ण भूल देऊन जुनाच व्रण उघडला. कवचाची आतली बाजू ओली, चकचकीत होती. वरच्या कातडीकडचा भाग जपून सोलला, कारण तिथे कातडी पातळ राहिली तर ती मरते. स्नायूवरचा भाग सहज निघाला. काखेतल्या मोठ्या शिरेला चिकटलेला तुकडा मात्र तसाच ठेवला आणि नुसता खरवडला. तिथे पूर्णत्वाचा हट्ट धरण्यात शहाणपणा नाही. काढलेलं कवच पॅथॉलॉजीकडे पाठवलं, त्यातही कर्करोग निघाला नाही.

खरं काम पुढचं. कातडीची आतली बाजू स्नायूला धरून गोधडीसारखे टाके घातले, विरघळणाऱ्या दोऱ्याने, साधारण ३ सेंटिमीटरच्या अंतराने, काखेकडून सुरुवात करून. टाका कातडीच्या फार जवळून घेतला तर बाहेर खळगा पडतो, चरबीच्या थरातून घ्यायचा. या टाक्यांनी एका मोठ्या पोकळीचे बारीक कप्पे होतात आणि कातडी सरकत नाही. पहिल्याच शस्त्रक्रियेत असे टाके घातले तर सेरोमाचं प्रमाण कमी होतं, त्यात वाढणारा वेळ सार्थकी लागतो असं माझं मत. दोन ड्रेन वेगळ्या छिद्रांतून काढले, एक काखेत, एक छातीवर.

घरी पाठवताना सांगितलं ते असं: ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर, लाली पसरणं, टाक्यांतून पाणी गळणं, कातडी ताणून चकाकणं किंवा नळी एकाएकी कोरडी पडणं, यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता यायचं. बधिर भागावर गरम पिशवी ठेवायची नाही, भाजलेलं कळतच नाही.

वहीतले नवे आकडे ७०, ५५, ४०, ३०, २५, २० असे पायरी पायरीने उतरले आणि दोन्ही नळ्या निघाल्या. पंधरा दिवसांनी सोनोग्राफीत काखेच्या कोपऱ्यात २० मिलीच्या आसपास पाणी दिसलं. बाई घाबरल्या, आता हेही काढून टाका म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजलं, तितकंच होतं. त्याला हात लावला नाही. रेडिएशन विभागाला चिठ्ठीत त्याची जागा आणि माप लिहून कळवलं, आणि सीटी त्या पाण्यासकटच झाला.