जमखान्याची हद्द

कित्तूर उत्सवाला जायचं ठरलं तेव्हा चौघांत कामं वाटली गेली. गाडी खानापूरवाल्याची. चुरमुरे आणि पाणी मास्तरांकडं. कुंदा, म्हणजे आमची बेळगावची मिठाई, बँकवाला आणणार. माझ्या वाट्याला जमखाना आला. मला वाटलं, सगळ्यात सोपं काम आपल्याला मिळालं.

आईनं कपाट उघडून दिलं, पण किल्ली हातातच ठेवली. "बाबांनी नवलगुंदहून आणलेला आहे. आहे तसा परत आण." नवलगुंद धारवाड जिल्ह्यात. तिथल्या बायका हातमागावर जमखाने विणतात, आता त्याला भौगोलिक मानांकनही आहे. आमच्या घरात मात्र त्याला मानांकन पहिल्यापासूनच आहे. पाहुणे आल्याशिवाय तो कपाटाबाहेर येत नाही.

उत्सव दरवर्षी २३ ते २५ ऑक्टोबर. २३ ऑक्टोबर १८२४ला राणी चन्नम्माच्या फौजेनं धारवाडच्या थॅकरे कलेक्टरला किल्ल्यापाशी संपवलं, त्याची ही आठवण. त्या वर्षी शुक्रवार, शनिवार, रविवार असा योग जुळून आला होता. आम्ही शनिवारी दुपारी निघालो. हिरेबागेवाडीचा टोल, एम. के. हुबळीची मलप्रभा, दोन्ही बाजूंना उभा ऊस. बेळगावपासून जेमतेम पन्नास किलोमीटर, पण वाटेत दोनदा चहा झाला. त्याशिवाय तो प्रवास धरला जात नाही.

आम्ही पोचलो तेव्हा गावात जग्गलगी घुमत होती. बैलगाडीच्या चाकाएवढा कातड्याचा ढोल. तो नुसत्या कानानं ऐकता येत नाही, छातीत वाजतो. खानापूरवाला म्हणाला, "बे, हे ऐकून थॅकरे आपला आपणच पळाला असता." मास्तरांनी त्याला इतिहास समजावायला घेतला. आम्ही दोघं मिरची-गिरमिटाच्या गाड्याकडं सरकलो.

मैदानात पुढं पासवाल्यांच्या खुर्च्या, मागं मोकळी जमीन. सातच्या सुमाराला मी जमखाना अंथरला. लाल-पिवळ्या पट्ट्या, मधोमध मोर. चार कोपऱ्यांवर चौघांची पायताणं ठेवली आणि सातबारा नावावर झाल्यासारखे पाय पसरून बसलो.

ही मालकी तासभर टिकते. आधी कडेवर कुणाची तरी पिशवी येते. मग पिशवीच्या आधारानं एक बाई टेकते, अर्धी जमखान्यावर, अर्धी मातीवर. तुम्ही सभ्यपणे वीतभर सरकता. ती वीत परत मिळत नाही. मग तिच्या मांडीवरचं पोर झोपतं, आणि झोपलेलं पोर खाली ठेवलं की विषयच संपला. हद्दीचे दावे आम्हा बेळगावकरांना नवीन नाहीत, पण इतका झटपट निकाल मी पाहिला नव्हता.

त्या पोराची आजी शेवटी आली. "स्वल्प सरीरी," म्हणाली. आमचं कानडी चौघांचं मिळून एका माणसापुरतं असेल, पण 'सरा' आणि 'सरी' यांत समजायला काय लागतं? आम्ही सरलो. अज्जी मोराच्या बरोबर डोक्यावर बसली आणि मग मलाच म्हणाली, "बर्री, कुंदर्री." म्हणजे या, बसा. माझ्याच जमखान्यावर.

गाणं सुरू झालं. उघड्यावरच्या शास्त्रीय गाण्याची एक गंमत असते. आलाप अर्ध्यावर आला की वारा तो उचलून उसाकडं घेऊन जातो, आणि पुढची जागा आपण आपल्या मनानं भरायची. त्यात स्टेजमागं जनरेटर. मास्तरांनी डोळे मिटून दोघांची पट्टी सांगितली, "तंबोरा काळी दोन, जनरेटर काळी तीन." पण विलंबित संपेपर्यंत जनरेटर ऐकू येईनासा झाला. बंद पडला नव्हता, आम्हीच त्याला सोडून पुढं गेलो होतो.

मास्तरांना मग राहवेना. १९२४ साल किती भाग्याचं, म्हणाले. एप्रिलमध्ये आपल्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले आणि डिसेंबरात बेळगावच्या टिळकवाडीत, गांधीजींच्या अध्यक्षतेखालच्या काँग्रेस अधिवेशनात, अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल गायल्या. हे मी त्यांच्याकडून तिसाव्यांदा ऐकत होतो. पण त्या रात्री पहिल्यांदाच मनात आलं, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या बुडाखाली काय होतं? जाजम असेल, घोंगडी असेल, आणि तिच्या कडेवर कुणाची तरी पिशवी नक्की असेल. अधिवेशनासाठी खणलेल्या विहिरीवर पाटी आहे. या पिशवीची नोंद कोण ठेवणार?

साडेदहाला अज्जीनं गाठोडं सोडलं. कडक भाकरी, शेंगाचटणी. आम्ही कुंद्याचा डबा पुढं केला. तिनं चमचाभर चाखला आणि मान अशी हलवली की बरा आहे की वाईट, शेवटपर्यंत कळलं नाही. चटणी मात्र आम्ही चौघांनी बोटं चाटून संपवली. त्यातली थोडी मोरावर सांडली.

पुढं सिनेमाची गाणी लागली, पोरं उभी राहून नाचायला लागली, आणि मी आजूबाजूला बघत राहिलो. दव पडायला लागलं होतं. दोन वाजता उठलो तेव्हा जमखाना ओला झाला होता, दुप्पट जड. अज्जीनं पोराला खांद्यावर टाकलं, आमच्याकडं न बघता "बर्तीनी", म्हणजे येते, म्हणाली आणि गर्दीत शिरली.

रविवारी दुपारी आईनं गच्चीवर जमखाना झटकला. शेंगांची टरफलं, चुरमुरे, माती, आणि घडीतून एक लाल लोकरीची कानटोपी. चटणीच्या डागाबद्दल जे बोलायचं ते ती बोलली. टोपी मात्र तिनं धुतली, दोरीवर वाळवली आणि जमखान्याच्या घडीतच ठेवून दिली.

पुढच्या ऑक्टोबरात मी पुन्हा कपाटापाशी उभा राहिलो. आईनं घडी उलगडली, टोपी हातात घेतली. "पोर केवढं होतं?" मी हातानं दाखवलं. तिनं टोपी बोटांवर ताणून पाहिली.

"मग आता व्हायची नाही त्याला," म्हणाली, आणि पुन्हा घडीत ठेवली.