बसचा पत्रा उचकटला तेव्हा

फोंड्याला आमच्या अंगणात दसऱ्यापासून एक जुनी मिनीबस उभी आहे. वीस वर्षं शाळेची मुलं नेली तिने. आता तिचं आम्हा दोघांसाठी फिरतं घर करायचंय.

सीट काढायलाच दोन रविवार गेले. बोल्ट इतके गंजलेले की शेवटी ग्राइंडर लावला. मग खालचा प्लाय उचलला आणि मागच्या चाकावरचा पत्रा पापडासारखा हातात मोडला. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात गाडीला आधी खालूनच वाळवी लागते, गंजाची. तो सगळा खरवडून, नवा पत्रा वेल्ड करून, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. तोवर आत एक खिळा ठोकला नाही.

पाण्याची टाकी १०० लिटरची, म्हणजे भरल्यावर १०० किलो. ती दोन्ही ॲक्सलच्या मध्ये, होईल तितकी खाली बसवतोय. घाटात वजनाची जागा चुकलेली लगेच जाणवते.

आणि हो, कागद आधी! मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ एकदा वाचाच. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायचा तर आरटीओची परवानगी हवी, आरसी बुकात नोंद हवी.

काल हिने ओट्याच्या जागी खडूने रेघ मारली, स्वतःच्या कमरेला उंची मोजून. म्हणाली, "खिडकी ह्याच बाजूला ठेव. भात शिजताना बाहेरचं दिसायला हवं."